टी-बॅगमध्ये प्लास्टिक शिरलं कुठून?

टी-बॅग कागदाची असते, असं आपण धरून चालतो. कागद असतोही, पण बऱ्याच पिशव्यांच्या कडा चिकटतात त्या त्यातल्या प्लास्टिकमुळे. सुरुवातीला मात्र असं नव्हतं.

अमेरिकेत मिलवॉकीच्या रॉबर्टा लॉसन आणि मेरी मॅक्लॅरन या दोघींनी १९०१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, तो सुती जाळीच्या पिशवीचा. एका कपासाठी किटलीभर चहा करावा लागतो आणि उरलेला वाया जातो, ही त्यांची अडचण होती. न्यूयॉर्कचे व्यापारी थॉमस सुलिव्हन यांनी १९०८ च्या सुमारास रेशमी पिशव्यांतून नमुने पाठवले आणि गिऱ्हाइकांनी त्या तशाच उकळत्या पाण्यात टाकल्या, ही गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे. मला तरी त्या दोघींचं नाव आधी घ्यावंसं वाटतं.

पुढे कापडाची जागा कागदाने घेतली. गरम पाण्यात फाटू नये म्हणून त्यात फिलिपिन्समधल्या अबाका या केळीच्या जातकुळीतल्या झाडाचे लांब धागे घालू लागले. प्रश्न उरला पिशवीचं तोंड बंद करण्याचा. जर्मनीच्या आडोल्फ राम्बोल्ड यांच्या १९४९ च्या यंत्रात कागद दुमडून वर पिन मारली जाई. तिथे प्लास्टिकची गरजच नव्हती. पण उष्णतेने कडा चिकटवणं यंत्राला सोपं आणि झटपट. नुसता कागद वितळत नाही, म्हणून त्यात पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लास्टिकचे वितळणारे तंतू मिसळले गेले. पुढे पिरॅमिडच्या आकाराच्या, पारदर्शक पिशव्या आल्या. त्यांतल्या अनेक तर अख्ख्या नायलॉनच्या किंवा पीईटीच्या, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकच्या.

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाने २०१९ मध्ये अशाच पिशव्या ९५ अंशांच्या पाण्यात बुडवून पाहिल्या. एका पिशवीतून सुमारे ११.६ अब्ज सूक्ष्मकण सुटतात, असं त्यांनी मांडलं. या आकड्यावर इतर शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले, त्यामुळे तो अंतिम मानू नये. तरीही चहासाठी प्लास्टिक उकळत्या पाण्यात बुडवण्याचं काही कारण मला दिसत नाही.

आपल्याकडे तर ती गरज कधी नव्हतीच. १९३० च्या सुमारास विल्यम मॅककर्चर यांनी आसामात सीटीसी यंत्र आणलं. पानं चुरडून, फाडून, वळवून त्याचे बारीक दाणे करायचे. हे दाणे झटकन रंग सोडतात. ते टी-बॅगमध्येही चालतात, पण आपल्या आलं-दुधाच्या उकळीला ते अगदी मानवले. आधणात पूड, एक उकळी, दूध, पुन्हा उकळी, मग फडक्याने गाळून चोथा घट्ट पिळायचा. पुण्याच्या अमृततुल्यांत ही फडक्याची रीत टिकून राहिली. घरोघरी गाळणी आली.

या गाळणीकडेही एकदा नीट पाहायला हवं. स्वयंपाकघरात टी-बॅग नसली तरी रंगीत दांड्याची, नायलॉनच्या जाळीची गाळणी असते आणि उकळता चहा रोज तिच्यातूनच गाळला जातो. जाळी पिवळी, मऊ पडली तरी ती बदलली जात नाही. स्टीलची गाळणी कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळते. फडकं वापरायचं तर पांढरं सुती घ्यावं, साबण न लावता गरम पाण्यात धुवावं आणि उन्हात वाळवावं. चोथ्यातली साखर आणि दूध धुऊन काढलं, की तो गुलाबाच्या कुंडीत सरळ घालता येतो. प्लास्टिकच्या टी-बॅगचं तसं करता येत नाही.