पोर्ट दिसत नाही की बोर्ड ओ देत नाही?

आर्डुइनोसारख्या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डांबद्दल ‘बोर्ड कनेक्ट होत नाहीये’ ही तक्रार एक, पण तिच्यामागे बिघाड दोन. एकात कॉम्प्युटरला बोर्ड दिसतच नाही. दुसऱ्यात दिसतो, पोर्टही (बोर्डाशी बोलायची वाट) मिळतो, पण प्रोग्राम बोर्डावर चढवायच्या, म्हणजे अपलोडच्या वेळी कितीही हाका मारा, बोर्ड ओ देत नाही. शेवटी लाल अक्षरांतला एरर दोन्हीकडे तसाच येतो, म्हणून आपण दोन्हींवर एकच औषध करतो: ड्रायव्हर (कॉम्प्युटरला बोर्डाशी बोलायला शिकवणारा प्रोग्राम) काढा, पुन्हा टाका. पहिल्या बिघाडात त्याचा कधीकधी उपयोग होतो. दुसऱ्यात फक्त संध्याकाळ वाया जाते.

घोळ होतो तो बोर्डावर बोलणाऱ्या चिप दोन असतात म्हणून. आर्डुइनो ऊनोवर प्रोग्राम चालतो एटीमेगा ३२८पी या मुख्य चिपवर. यूएसबी आणि तिच्यामध्ये दुभाषी म्हणून दुसरी चिप बसलेली असते: मूळ ऊनोवर एटीमेगा १६यू२, स्वस्त प्रतींवर बहुधा सीएच ३४०. यादीत दिसणारा पोर्ट या दुभाष्याचा. मुख्य चिप जळून कोळसा झाली असली तरी पोर्ट खुशाल दिसत राहील!

त्यामुळे पहिलं काम एकच. प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरमधली पोर्टची यादी उघडी ठेवून केबल काढा, परत लावा. यादीत काही बदललं का?

काहीच बदललं नाही, तर बिघाड पहिल्या जातीचा, आणि माझा पहिला संशय केबलवर. यूएसबी २च्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. निव्वळ चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. बोर्डाचा दिवा मात्र झकास लागतो, आणि आपण त्या दिव्यावर विश्वास ठेवतो. केबल बदलल्यावर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये अनोळखी उपकरण उगवलं पण कॉम पोर्ट नाही, तर आता ड्रायव्हरची पाळी. लिनक्सच्या उबुंटू २२.०४वर एक गंमत आहे: ब्रेल डिस्प्लेसाठी असलेला बीआरएलटीटी हा प्रोग्राम सीएच ३४०ला स्वतःचंच उपकरण समजतो आणि पोर्ट बळकावतो. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर तो काढून टाका. आणि लिनक्सवर पोर्ट दिसूनही ‘परमिशन डिनाइड’ येत असेल, तर बोर्डाला दोष देऊ नका. बहुतेक वितरणांत स्वतःला डायलआउट गटात (पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांच्या गटात) घालून पुन्हा लॉगिन केलं की पुरे.

केबल लावली-काढली की पोर्ट येतो-जातो, पण अपलोड ‘नॉट इन सिंक’वर अडतं, हा दुसरा बिघाड. इथे खेळ वेळेचा आहे. बूटलोडर, म्हणजे नवा प्रोग्राम आत घेणारा चिपमधला छोटा प्रोग्राम, रीसेटनंतर क्षणभरच कान देतो, मग तुमचा जुना प्रोग्राम सुरू. तो रीसेट दुभाषी चिपच देते, डीटीआर या तारेवरून, १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून. ही हाक चुकली, किंवा वेग जुळला नाही, की संपलं. आर्डुइनो नॅनो या छोट्या बोर्डाच्या बऱ्याच प्रतींत जुना बूटलोडर असतो, तो ५७६०० बॉडने (बॉड हे वेगाचं माप) बोलतो, नवा ११५२०० बॉडने. मेनूत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडलं की काम होतं.

मी स्वतः एकदा रात्री उशिरापर्यंत ड्रायव्हर उलटेपालटे करत बसलो होतो. दोष होता ० आणि १ या पिनांवर लावून ठेवलेल्या ब्लूटूथ मॉड्यूलचा. अपलोड त्याच दोन पिनांवरून जातं. मॉड्यूल मध्येच बोलत होतं.

ईएसपी ३२ या दुसऱ्या चिपच्या बोर्डांची तऱ्हा थोडी निराळी. रीसेटच्या क्षणी जीपीआयओ ० ही पिन खाली ओढलेली (ग्राउंडला जोडलेली) असेल तरच तो बोर्ड प्रोग्राम घ्यायला तयार होतो. ‘कनेक्टिंग’पुढे ठिपके उमटायला लागले की बूट बटण दाबून धरा, लेखन सुरू झालं की सोडा. दर वेळी हे करावं लागत असेल, तर ईएन (रीसेटची पिन) आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून पाहा.

तरीही दोषी कोण ते कळेना? ऊनोवर रीसेट पिन ग्राउंडला जोडा, म्हणजे मुख्य चिप गप्प बसेल. ० आणि १ एका तारेने एकमेकांना जोडा, सिरीयल मॉनिटर (पोर्टवरून अक्षरं पाठवायची-वाचायची खिडकी) उघडून काहीतरी टाइप करा. तेच अक्षर परत आलं, तर केबल, ड्रायव्हर, दुभाषी तिघेही निर्दोष. ड्रायव्हरला हात लावायचं काही कारण उरत नाही.

हा सगळा हिशेब आर्डुइनो लिओनार्डो किंवा रास्पबेरी पाय पिको या बोर्डांवर कोलमडतो, कारण तिथे दुभाषी नाही. मुख्य चिप स्वतःच यूएसबी बोलते, त्यामुळे तुमचा प्रोग्राम अडकला की पोर्टही गायब होतो आणि दुसरा बिघाड पहिल्याचं सोंग घेतो. लिओनार्डोवर रीसेट दाबल्यावर सुमारे ८ सेकंद बूटलोडर जागा असतो, अपलोड तेवढ्यात सुरू करायचं. पिकोवर बूटसेल हे बटण दाबून धरून केबल लावली की तो पेन ड्राइव्हसारखा उगवतो. हा बूटलोडर चिपच्या रॉममध्ये असल्याने तुमचा प्रोग्राम तो बिघडवू शकत नाही. तरीही नाही उगवला, तर पुन्हा त्या केबलकडेच बघा.