लॅपटॉप अडखळतो तेव्हा प्रोसेसर काय करत असतो?

इंदूरला जेल रोडवर कॉलेजसाठी लॅपटॉप बघायला गेलं, की दुकानदार आधी प्रोसेसर, म्हणजे आकडेमोड करणारी मुख्य चिप, सांगतो. ‘आय-फाइव्ह है, आँख बंद करके ले जाइए!’ बजेट कमी असेल तर डोळे मिटू नयेत.

असाइनमेंट, पीपीटी, ब्राउझरच्या वीसेक टॅब, थोडं पायथन किंवा टॅली, एवढ्या कामात प्रोसेसर बराच वेळ रिकामा असतो. लॅपटॉप अडखळतो तेव्हा प्रोसेसर बहुधा माहिती हाती यायची वाट बघत असतो. रॅममधली, म्हणजे चालू कामासाठीच्या तात्पुरत्या जागेतली, माहिती साधारण १०० नॅनोसेकंदांत मिळते. एसएसडीतून, म्हणजे फाइली कायम साठवणाऱ्या चिपमधून, आणायला त्याच्या हजारपट वेळ लागतो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तर खरोखरची तबकडी फिरते, मिनिटाला ५४०० वेळा. एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली, म्हणजे माहिती वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय हेड सरकायचा वेळ निराळा, म्हणजे १० मिलिसेकंदांच्या वरच. रॅमला एक सेकंद लागतो असं धरलं, तर एसएसडीला १७ मिनिटं आणि हार्ड डिस्कला सव्वा दिवस! ओट्यावरचा डबा, राजवाड्याच्या बाजारातून आणलेला जिन्नस आणि पुण्याहून कुणाबरोबर तरी मागवलेला जिन्नस, इतका हा फरक.

रॅम भरली की विंडोज तिच्यातला काही भाग डिस्कवर हलवते आणि लागला की परत आणते. ४ जीबी रॅममध्ये हे हेलपाटे सतत चालू राहतात, मग प्रोसेसर कितीही भारी असो. म्हणून ८ जीबी रॅम आणि एसएसडी याखाली उतरू नये, आणि रॅमचा एक स्लॉट (पट्टी बसवायची जागा) रिकामा असलेला लॅपटॉप मिळाला तर उत्तमच. पुष्कळ सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडद्यावरचं चित्रही याच रॅममधून काढलं जातं, त्यामुळे रॅमच्या एकाऐवजी दोन पट्ट्या असल्या की ग्राफिक्सलाही जोर येतो.

राहिला इंटेल कंपनीचा आय-फाइव्ह प्रोसेसर. तो कितव्या पिढीचा, हे विचारा. २०१६ च्या सातव्या पिढीतल्या आय-फाइव्ह ७२००यू मध्ये दोन कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) होते, वर्षभरानं आलेल्या आठव्या पिढीतल्या ८२५०यू मध्ये चार. दोन्ही १५ वॅटचेच आणि स्टिकरवर नाव तेच. रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकला जाणारा वापरलेला लॅपटॉप घेणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं, कारण विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढचीच लागते आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजऐवजी लिनक्स वापरणार असाल तर सातवी पिढीही चालेल, फक्त किंमत त्या मानानं पाडून घ्या.

बॅटरीच्या बाबतीत ‘दस घंटे चलेगी’ यावर जाऊ नका, बॅटरीत वीज किती मावते ते सांगणारा वॅट-अवरचा आकडा विचारा. हलक्या कामाला सात वॅट लागत असतील तर ४२ वॅट-अवरची बॅटरी सहा तास पुरते. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत, उष्णता आणि सतत १०० टक्के चार्ज राहणं. इंदूरच्या मे महिन्यात गादीवर ठेवून, चार्जर लावून रात्रभर सिनेमे बघितले की दोन्ही एकदम घडतं. शिवाय हवेची भोकं बुजतात आणि तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो.

रिफर्बिश्डचे पैसे देण्याआधी दुकानातच विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता, दोन्ही आकडे त्यात असतात. नव्या बॅटरीचा खर्च धरून मगच भाव करा.