बेथपेज ब्लॅकच्या वाऱ्या : थोडी पार्श्वभूमी

बेथपेज ब्लॅक या सरकारी गोल्फ मैदानाच्या वारीची जुळवाजुळव सुरू झाली की कंपूत नव्याने आलेली मंडळी एकच प्रश्न विचारतात. न्यू जर्सीत पावलोपावली मैदानं असताना दोन पूल ओलांडून, टोल भरून, रात्री गाडीत झोपून त्या ब्लॅकलाच कशाला जायचं? दर वेळी तोंडी सांगण्यापेक्षा हे एकदाच लिहून ठेवतो.

फार मागे जायचं कारण नाही. महामंदीच्या काळात न्यूयॉर्क राज्याने लाँग आयलंडवर फार्मिंगडेलजवळ एका रेल्वेवाल्या धनिकाची जमीन मिळवली. तिथे एका खासगी क्लबचं मैदान होतं, त्याच्या जोडीला आणखी तीन आखली. आपल्याकडे रोजगार हमीवर पाझर तलाव झाले, तसे इथे बेकारांच्या हातून बंकर, म्हणजे मैदानातले वाळूचे खड्डे, खणले गेले. इथली मैदानं रंगांच्या नावांनी ओळखली जातात. त्यातलं ब्लॅक १९३६मध्ये खुलं झालं. पाचवं, पिवळं (यलो), बरंच नंतर, १९५८मध्ये.

खरा वाद पुढे आहे. हे मैदान आखलं कुणी? अधिकृत नोंदींत श्रेय त्या काळच्या एका नामवंत आरेखकाचं. आमच्या घरांजवळचं बाल्टुसरोलही त्याचंच, पण तिथे सदस्याने बोलावल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. २००२ची यूएस ओपन गोल्फ स्पर्धा तोंडावर आली असताना एका गोल्फ मासिकाने दावा केला की आराखडा मुळात उद्यानाच्या अधीक्षकाचा. आरेखक नुसता सल्लागार होता. दाव्याला मुख्य आधार अधीक्षकाच्या मुलाचा. अभ्यासक लगेच तुटून पडले. त्या काळची वर्तमानपत्रं निघाली, कागद निघाले. तिरके, प्रचंड बंकर आणि जितकं धाडस तितका कोन कापून त्यांच्यावरून चेंडू मारायला लावणारी मांडणी ही त्या आरेखकाचीच सही आहे, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोडून काढणं अवघड आहे.

पण दोन गोष्टी उरतातच. खुद्द आरेखकानेच नंतर लिहिलं होतं की एक मैदान मुद्दाम अतिशय कडक करायचं ही कल्पना अधीक्षकाची; अवघड म्हणून गाजलेल्या पाइन व्हॅली मैदानाच्या तोडीचं काही तरी त्याला हवं होतं. दुसरं म्हणजे ब्लॅक खुलं होण्याआधीच, १९३५मध्ये, सल्लागार देशभराच्या दौऱ्याच्या दुसऱ्या कामावर निघून गेला होता. मग रोज मजुरांसमोर उभं राहून माती कुठे टाकायची हे कोण सांगत होतं? मी सगळं आयुष्य बांधकामाच्या साइटवर काढलं आहे, त्यामुळे माझा कौल कुठे जाणार हे उघड आहे. ड्रॉइंगवर सही एकाची आणि काम दुसऱ्याचं, हे आम्हाला नवीन नाही. कंपूतला एक आर्किटेक्ट मित्र या मुद्द्यावर अजून चिडतो. पार्किंगमध्ये रात्री एकच्या सुमाराला हा विषय काढला की झोपेचं खोबरं ठरलेलं.

श्रेय कुणाचंही असो, निर्णय विलक्षणच होता. सरकारी पैशातून, सामान्य माणसासाठी मैदान करायचं आणि ते सामान्य माणसाला झेपणार नाही असं करायचं. पहिल्या टीमागच्या, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेमागच्या, कुंपणावर पाटी आहे : हे मैदान अत्यंत अवघड असून केवळ अतिशय कुशल खेळाडूंनीच खेळावं, अशी आमची शिफारस आहे. पाटीसमोर फोटो काढून अठरा-वीस हँडिकॅपवाले, म्हणजे बेताचं खेळणारे, सगळे निमूट पुढे सरकतात. त्या पाटीने आजवर एक तरी माणूस परत पाठवला असेल का, शंकाच आहे.

गाडीत झोपायची प्रथा २००२च्या आधीपासूनची. खेळ सुरू करायच्या पहाटेच्या काही वेळा आगाऊ आरक्षणाबाहेर राखलेल्या असतात. त्यासाठी पार्किंगमध्ये क्रमांक घातलेल्या जागा आहेत. ज्या आकड्यावर गाडी, तो तुमचा नंबर. आरक्षणात न्यूयॉर्कच्या रहिवाशांना आधी संधी आणि शुल्क आमच्या साधारण निम्मं, म्हणून हिक्सव्हिलच्या मित्राला कंपूत फारच मान. आम्ही बाहेरचे, म्हणून रात्रीची रांग. डिकी उघडी, तिखटमिठाच्या पुऱ्या, थर्मासमधला चहा, शेजारच्या गाडीतल्या कोरियन काकांना दिलेला लाडू. उजाडायच्या आत हाताला पट्टा बांधला जातो आणि मग बॅग खांद्यावर. ब्लॅकवर गोल्फकार्ट मिळत नाही, पायीच चालायचं.

चालण्याचा हिशेब पंधराव्या होलला चुकता होतो. पार चार (म्हणजे चार फटक्यांत पुरा होणं अपेक्षित), साडेचारशे यार्डांहून लांब, आणि ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ, टेकाडावर. फेअरवेतून, म्हणजे मधल्या कापलेल्या पट्ट्यातून, वर बघितलं तर झेंड्याचं फक्त टोक दिसतं. चेंडू जरा आखूड पडला की समोरच्या बंकरात, आणि बाजूच्या रफमध्ये गेला तर लांब गवत हातातल्या काठीला विळखाच घालतं. इथे ग्रीनवरचे तीन फटके धरून एकूण सहांत होल पुरा केला तर आमच्यात हस्तांदोलन होतं.

आज आम्ही खेळतो ते मैदान १९३६चं जसंच्या तसं नाही. १९९०च्या दशकात ब्लॅकची पार रया गेली होती. यूएस ओपन भरवणाऱ्या संघटनेने खर्च उचलला, १९९७-९८मध्ये बंकर पुन्हा खोदले, टी मागे सरकवल्या. २००२मध्ये खऱ्या अर्थाने सरकारी मालकीच्या मैदानावर ही स्पर्धा प्रथमच झाली. विजेता पारपेक्षा तीन फटके कमी; पारच्या खाली तो एकटाच. शुक्रवारच्या पावसात काही व्यावसायिकांना दहाव्या होलवर टीवरून फेअरवेही गाठता येईना, तेव्हा त्यांनी बरीच आरडाओरड केली. ती ऐकून आम्हा हौशी लोकांना झालेला आनंद खोटा नव्हता.

२००९ची ओपन चिखलात सोमवारपर्यंत लांबली. २०१९ला पीजीए चॅम्पियनशिप ही व्यावसायिकांची मोठी स्पर्धा आली आणि शेवटच्या दिवशी सात फटक्यांची आघाडी घेऊन उतरलेला विजेता दोन फटक्यांनी कसाबसा सुटला. मग २०२५चा रायडर कप, म्हणजे अमेरिका विरुद्ध युरोप सांघिक सामना. युरोप १५-१३ने जिंकला, पण लक्षात राहिली ती पाहुण्या खेळाडूंना प्रेक्षकांनी केलेली शिवीगाळ. सामन्याच्या एका दिवसाचं तिकीट साडेसातशे डॉलरच्या घरात होतं. तेवढ्यात तेव्हा आम्हा बाहेरच्यांचे चार राउंड झाले असते, रहिवाशांचे तर त्याच्या दुप्पट. शेरेबाजी करणाऱ्यांत पार्किंगमध्ये रात्र काढलेले फार नसावेत, असं माझं मत. हिक्सव्हिलकर म्हणतो, तेच जास्त होते.

पुढची पीजीए चॅम्पियनशिप इथे २०३३मध्ये. सोमवारी मैदान सहसा बंद असतं, त्यामुळे लाँग वीकेंडचा बेत करताना निघायचं ते शनिवारी रात्रीच.