लॉट निवडण्यामागचा हिशेब : .२२ काडतुसांच्या अचूकता-चाचणीची पार्श्वभूमी

पन्नास मीटर रायफल प्रकारातील नेमबाज हंगामापूर्वी काडतुसांचे निरनिराळे लॉट, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेल्या तुकड्या, स्वतःच्या बॅरलमधून (नळीतून) झाडून पाहतात आणि त्यांतील एक निवडून वर्षभराचा साठा त्याच लॉट क्रमांकाचा घेतात. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या आणि एकाच किमतीच्या दोन लॉटांपैकी एक आपल्या रायफलमध्ये उत्तम चालतो आणि दुसरा चालत नाही, हा अनुभव या खेळात सर्वांना आहे. मोठ्या बोअरचा, म्हणजे रुंद नळीच्या रायफलीचा नेमबाज काडतुसाचे रिकामे केस (धातूचे कवच) पुन्हा भरू शकतो, दारूचे वजन आणि गोळी बसवण्याची खोली बदलून काडतूस आपल्या बॅरलला जुळवून घेऊ शकतो. .२२ सारख्या रिमफायर काडतुसात ही सोय नाही. येथे पेट घेणारे मिश्रण वेगळ्या प्रायमरमध्ये (ठिणगी देणाऱ्या टोपीत) नसून केसच्या बुडाच्या पोकळ कडेत असते. ते ओले असताना केस वेगाने फिरवून कडेत पसरवले जाते आणि फायरिंग पिनने कड चेपली की ते केस पुन्हा उपयोगाचे राहत नाही. काडतुसात बदल करता येत नसल्यामुळे नेमबाजाच्या हाती केवळ निवड उरते, आणि चाचणीची सगळी परंपरा या एका मर्यादेतून उभी राहिली आहे.

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ मध्ये अमेरिकेत आले. त्यात ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी आणि ५ ग्रेन काळी दारू असे. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धानंतर ब्रिटनमध्ये लहान बोअरच्या रायफलींचे क्लब झपाट्याने वाढले आणि १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये या प्रकाराच्या स्पर्धाही झाल्या. त्या काळच्या पेट घेणाऱ्या मिश्रणातील क्षारांमुळे बॅरल आतून गंजत असे, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने केलेल्या दोन चाचण्यांची तुलना करताना फरक काडतुसाचा की बॅरलचा, हे सांगणे कठीण होते. १९२० च्या दशकात न गंजवणारे मिश्रण आले, तेव्हा कुठे अशा तुलनेला अर्थ आला.

चाचणीला आजचे स्वरूप मात्र गुणांच्या दबावामुळे मिळाले. १९७२ चे म्युनिक, १९७६ चे मॉन्ट्रियल, १९८० चे मॉस्को आणि १९८४ चे लॉस एंजेलिस या चारही ऑलिंपिकमध्ये प्रोनचे (पालथे पडून झाडण्याच्या प्रकाराचे) सुवर्णपदक ६०० पैकी ५९९ गुणांवर गेले. १९८८ मध्ये सोलच्या विजेत्याने प्राथमिक फेरीत पूर्ण ६०० केले. जुन्या लक्ष्यावर अव्वल नेमबाजांमध्ये फरक दिसेनासा झाला होता. १९८९ मध्ये लक्ष्य लहान करण्यात आले आणि दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर झाला. गोळीचे छिद्र रेषेला शिवले तरी गुण मिळतो आणि छिद्राचा व्यास ५.६ मिलिमीटर धरला जातो, म्हणून गोळीचा मध्य लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत असला की दहा गुण मिळतात. याचा अर्थ, नेमबाजाकडून तसूभरही चूक झाली नाही तरी साठही गोळ्या दहात ठेवण्यासाठी काडतूस आणि बॅरल यांचा एकत्रित फैलाव मध्य ते मध्य १६ मिलिमीटरच्या आत हवा. चांगल्या बॅरलमधून चांगला लॉट चाळीस गोळ्या साधारण याच मापात ठेवतो. नेमबाजाच्या स्वतःच्या चुकीसाठी मग फारशी जागा उरत नाही. अंतिम फेरीत दशांश गुण आधीपासून होते. २०१३ मध्ये ते प्रोनच्या प्राथमिक फेरीतही आले आणि हिशेब आणखी कडक झाला, कारण दशांशाची प्रत्येक पायरी ०.८ मिलिमीटरची आहे.

काडतुसातील दोष लक्ष्यावर कसा उतरतो, हे वेगाच्या उदाहरणावरून कळते. सामन्याच्या काडतुसाचा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली, सेकंदाला सुमारे ३२० ते ३३० मीटर ठेवलेला असतो, कारण वाटेत ध्वनीच्या वेगाखाली उतरणारी गोळी त्या टप्प्यावर डळमळते. या वेगाला पन्नास मीटर कापायला साधारण ०.१६ सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात गोळी सुमारे साडेबारा सेंटिमीटर खाली येते. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक असेल, तर लक्ष्यावर उभा फरक जवळजवळ ८ मिलिमीटरचा, म्हणजे एका पूर्ण वर्तुळाचा पडतो. तरीही केवळ वेगमापक यंत्रावरून लॉट निवडता येत नाही. गोळी बॅरलमध्ये असताना बॅरल कंप पावत असते. तोंड वर जात असतानाच्या क्षणी गोळी बाहेर पडली, तर मागाहून येणाऱ्या मंद गोळीला किंचित जास्त उंची मिळते आणि वेगातील फरकाची काही अंशी भरपाई होते. ही भरपाई प्रत्येक बॅरलची वेगळी असते. मित्राच्या रायफलमध्ये सोन्यासारखा चाललेला लॉट आपल्या रायफलमध्ये सामान्य ठरतो, त्यामागे चेंबरच्या (काडतूस बसते त्या पोकळीच्या) मापाइतकेच हेही कारण असते.

खरा वाद आहे तो मोजण्याच्या पद्धतीचा. एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका म्हणजे ग्रुप, आणि ग्रुपचे माप म्हणजे सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधील अंतर, हा रूढ संकेत आहे. फुटपट्टीने किंवा कॅलिपरने ते चटकन मोजता येते आणि बोलताना सांगायलाही सोपे असते. परंतु दहा गोळ्यांच्या ग्रुपमध्ये हे माप फक्त दोन गोळ्या ठरवतात, उरलेल्या आठ कुठे पडल्या याची दखलच घेतली जात नाही. शिवाय गोळ्यांची संख्या वाढली की हे माप आपोआप वाढते. एकाच लॉटचे दहा गोळ्यांचे ग्रुप पाच गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरीने सुमारे पाव हिश्शाने मोठे येतात, त्यामुळे संख्या न सांगता दिलेल्या मापाला काही अर्थ नसतो. पाच गोळ्यांच्या एकेका ग्रुपचे माप आपल्या सरासरीपासून पाव हिश्शाने इकडे-तिकडे होणे तर नित्याचेच आहे. यावर उपाय म्हणून ग्रुपच्या मध्यापासून प्रत्येक छिद्राचे अंतर काढून त्यांची सरासरी, म्हणजे सरासरी त्रिज्या, घेण्याची पद्धत सुचवली गेली. तिच्यात प्रत्येक गोळीची माहिती वापरली जाते. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यामुळे हा हिशेब आता आपोआप होतो, तरी खरेदीच्या वेळी बोट जाते ते बहुधा कमाल अंतराच्या रकान्याकडेच.

कमाल अंतराच्या बाजूने एक सबळ युक्तिवाद आहे आणि तो टाळून चालणार नाही. सामना हरवते ती सरासरी नव्हे, तर ग्रुपपासून सुटून पडलेली एखादी गोळी. चाळीसपैकी एकोणचाळीस गोळ्या एका छिद्रात आणि एक बारा मिलिमीटर खाली, असा लॉट सरासरी त्रिज्येवर उत्तम दिसेल आणि ऐन अंतिम फेरीत दगा देईल. म्हणून लॉटांची क्रमवारी सरासरी त्रिज्येवर लावावी आणि सुटलेल्या गोळ्यांची मोजदाद वेगळी, जास्त गोळ्या झाडून करावी, हे अधिक सयुक्तिक आहे. सुटलेली गोळी ‘आपलीच चूक’ म्हणून हिशेबातून वगळण्याची सवय मात्र चाचणीची उपयुक्तताच घालवते.

याहून कमी चर्चिला गेलेला मुद्दा निवडीचाच आहे. वीस लॉट घेऊन प्रत्येकाच्या दहा गोळ्या झाडल्या, तर ते सर्व लॉट गुणवत्तेने अगदी सारखे असले तरी त्यांतला एक निव्वळ योगायोगाने ठळकपणे सरस दिसतो. नेमबाज तोच लॉट घेतो. घरी आल्यावर तो तसा चालत नाही, आणि दोष प्रवासाला, उन्हाला किंवा साठवणीला दिला जातो. वास्तविक पहिल्या फेरीतील आघाडीच्या तीन-चार लॉटांची नव्याने, पहिले आकडे बाजूला ठेवून, चाचणी घेतली की हा भ्रम बराचसा दूर होतो. लॉट बदलताना आधीच्या गोळ्यांवरचे वंगणाचे मेण बॅरलमध्ये राहिलेले असते. विशेषतः कंपनी बदलली असेल तर नव्या लॉटच्या काही गोळ्या मोजणीबाहेर झाडाव्या लागतात. घाईच्या चाचणीत नेमके हेच वगळले जाते.

कारखान्यांच्या चाचणी-बोगद्यांत रायफलचा दस्ता काढून बॅरल आणि ॲक्शन (गोळी झाडणारी यंत्रणा) जड व्हाइसमध्ये (शिकंजात) पकडतात आणि दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप एकमेकांवर ठेवून चाळीस गोळ्यांचे एकत्र चित्र काढतात. जर्मनी आणि इंग्लंडमधील अशा केंद्रांवर तापमान स्थिर असते आणि वारा नसतो. आक्षेप असा, की दस्त्याविना आणि खांद्याविना बॅरलचा कंप वेगळा होतो, मग तेथील निष्कर्ष प्रोनमध्ये, स्लिंग (हाताला अडकवलेला पट्टा) ताणलेली असताना कितपत लागू पडावा? समर्थक म्हणतात, की आकडे बदलले तरी लॉटांची आपापसातील क्रमवारी टिकते. वाईट लॉट वगळण्यापुरते हे पटण्यासारखे आहे. शेवटच्या दोन लॉटांमधील निवड मात्र सामन्याच्या दस्त्यासह, खांद्यावरूनच व्हायला हवी.

भारतीय नेमबाजांसाठी हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. देशातील सरकारी आयुध कारखान्यांची .२२ काडतुसे सरावासाठी चालतात, सामन्याची काडतुसे मात्र आयात करावी लागतात आणि त्यासाठी परवान्याची प्रक्रिया पार पाडावी लागते. युरोपातील नेमबाज रायफल घेऊन कारखान्यात जातो आणि चाचणीत निवडलेलाच लॉट घेऊन परततो. आपल्याकडच्या जिल्हा किंवा राज्य पातळीवरील नेमबाजाला हाती येईल तो लॉट घेऊन त्यावर समाधान मानावे लागते. २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्या नेमबाजाने महिलांच्या प्रोनमध्ये ५९७ गुणांसह सुवर्ण मिळवले, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्याच नेमबाजाने थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून) प्राथमिक फेरीत ५९० आणि अंतिम फेरीत ४५१.४ गुणांसह कांस्य मिळवले. या पातळीवर पोहोचलेल्यांना परदेशी सराव-दौऱ्यांतून चाचणीची संधी मिळू शकते. त्याखालच्या शेकडो नेमबाजांसाठी पुणे किंवा मुंबईत स्थिर तापमानाचा एक पन्नास मीटर बोगदा, एक व्हाइस आणि आयात साठ्यातील प्रत्येक लॉटचे काही खोके चाचणीसाठी राखून ठेवण्याची व्यवस्था, एवढे झाले तरी खरेदीपूर्वी लॉट पारखून घेणे त्यांना शक्य होईल.