हर-टू आणि केआय-६७ : रिपोर्टवर शेजारी, कामं निराळी

स्तनाच्या गाठीच्या आयएचसी (पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणारी तपासणी) रिपोर्टवर ‘हर-टू ३+’ आणि ‘केआय-६७ : ४०%’ असं एकाखाली एक दिसलं की घरचे दोन्हींना सारखंच घाबरतात. नाशिककरांना फरक गोदावरीवरून कळेल. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला की पूर येतो. पाणी किती चढलं ते आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतो. हर-टू हा विसर्ग, म्हणजे गाठ वाढवणारं प्रथिन; केआय-६७ हा मारुती, म्हणजे वाढ किती जोरात आहे ते दाखवणारं प्रथिन.

हर-टू पेशीच्या आवरणात असतं. १७ व्या गुणसूत्रावरच्या त्याच्या जनुकाच्या प्रती वाढल्या की आवरणावर या रिसेप्टरची (बाहेरचा निरोप आत पोचवणाऱ्या प्रथिनाची) गर्दी होते, ते आपसात किंवा हर-थ्री या भावंड रिसेप्टरशी जोड्या लावतात आणि बाहेरून निरोप नसतानाही ‘वाढत राहा’ हा हुकूम आत सुरूच राहतो. ट्रास्टुझुमॅब हे औषध (अमेरिकेत मंजुरी १९९८) नेमकं हर-टूलाच धरतं. त्याचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी).

केआय-६७ केंद्रकात असतं, तेही विभाजनाच्या चक्रातल्या पेशींतच. विभाजनावेळी गुणसूत्रं एकमेकांना चिकटू न देणं हे त्याचं काम. प्रयोगात ते काढून टाकलं तरी पेशी विभागतच राहतात, त्यामुळे त्याला रोखून उपचार होत नाही.

३+ म्हणजे १० टक्क्यांहून जास्त कर्कपेशींभोवती गडद, पूर्ण तपकिरी कडं. २+ म्हणजे ‘अर्धं पॉझिटिव्ह’ नव्हे. निकाल जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या फिश तपासणीवर. केआय-६७ म्हणजे रंगलेल्या केंद्रकांच्या कर्कपेशींचं शेकडा प्रमाण; ते किमान ५०० पेशी मोजून काढतात. ५ टक्क्यांपर्यंत कमी, ३० किंवा वर जास्त. मधल्या पट्ट्यात एका लॅबने १८ आणि दुसरीने २४ दिलं, तर त्यावरून भांडण्यात अर्थ नाही.

खरा घोळ बरणीत होतो. सुरगाण्यात किंवा पेठला काढलेली गाठ अख्खीच बुडवून दुसऱ्या दिवशी नाशिकला धाडली, तर फॉर्मालिन (गाठ कुजू न देणारं द्रावण) आत पोचेपर्यंत मधला भाग खराब होतो. केआय-६७ कमी भरतं, हर-टूचं कडंही फिकं उमटू शकतं. गाठ तासाभरात, कडांना शाई लावून, ५ ते १० मिलिमीटरवर चिरून, गाठीच्या दहापट १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये जायला हवी. त्यात ६ ते ७२ तास. सलाइनमध्ये तर मुळीच नको. गाठ काढल्याची आणि बुडवल्याची वेळ फॉर्मवर लिहावी. ती जागा बहुधा कोरीच येते. बिघडलेला ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) नंतर सुधारत नाही. शंका आली तर आधीच्या सुईच्या बायोप्सीचा ब्लॉक मागवून त्यावर तपासणी करावी. तो तुकडा बारीक, त्यात फॉर्मालिन नीट मुरलेलं असतं.