इंग्रजी येत नाही म्हणून कॉम्प्युटर येणार नाही?

‘ज्यांना इंग्रजी येत नाही त्या बायकांना कॉम्प्युटर शिकवून उपयोग नाही.’ हा समज सोलापुरात विडी वळणाऱ्या घरांतूनही ऐकू येतो, आणि तो का रुजला हे समजण्यासारखं आहे. की-बोर्डवर छापलेली अक्षरं इंग्रजी असतात. बघणाऱ्याला दुसरं काय वाटणार?

पण छापलेलं अक्षर म्हणजे नुसतं लेबल. दाबल्यावर काय उमटायचं ते आतली सेटिंग ठरवते. जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना कॉम्प्युटरसाठी ठरावीक क्रमांक देणारी युनिकोड नावाची पद्धत आहे. देवनागरी 1991 पासून तिच्यात आहे, म्हणजे मराठी मजकूर मशीनला इंग्रजीइतकाच कळतो.

पडताळून बघा. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडा, इन्स्क्रिप्ट की-बोर्ड (भारतीय लिप्यांसाठीची बटणांची मांडणी) निवडा. आता के, ई, सी ही बटणं ओळीने दाबा: पडद्यावर ‘काम’ येईल. या मांडणीत बहुतेक स्वर आणि काने-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बरीचशी उजव्या हाताला. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटे असतात. बोट तिथं टेकलं की खाली बघावं लागत नाही. गप्पा मारता मारता पान दुमडून दोरा गुंडाळणाऱ्या हातांना हे नवं नाही, असं मला तरी वाटतं.

इंग्रजी अजिबात लागत नाही, असंही नाही. ईमेलचा पत्ता, एक्सेलमधलं बेरजेचं सूत्र, यासाठी सव्वीस अक्षरं ओळखावी लागतात. ओळखावी लागतात एवढंच. इंग्रजी बोलता यायला हवं असं नाही. घरी तेलुगू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या मुलींना तिसऱ्या लिपीची एवढी धास्ती कशाला?