शालेय मानसिक आरोग्य तपासणी (नागपूर)

किशोरवयीन विद्यार्थ्यांचा मानसिक त्रास बळावण्याआधी छोट्या प्रश्नावलीतून हेरण्याची पद्धत. हे निदान नव्हे. कोणत्या मुलाशी निवांत बोलायला हवे, एवढेच त्यातून कळते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. त्या सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. शेजारचे मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. तेच प्रमाण धरले, तर नागपुरातल्या साठ मुलांच्या वर्गात अशी चार-पाच मुले निघतील. दंगेखोर मूल शिक्षकांच्या लगेच लक्षात येते. ‘सर, डोकं दुखून राहिलं’ म्हणत वारंवार घरी जाणारे मूल मात्र सुटते.

नैराश्य हेरणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रचलित प्रश्नावलीत नऊ प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत त्रास किती दिवस झाला, त्यानुसार प्रत्येकाला ० ते ३ गुण मिळतात. बेरीज १० किंवा अधिक झाली की पुढची चौकशी करतात. किशोरांसाठी तिचे वेगळे रूप आहे. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याला ‘काही दिवस’ एवढे जरी उत्तर आले, तरी बेरीज न बघता त्या मुलाशी त्याच दिवशी बोलणे आवश्यक आहे. भरलेल्या कागदांचा गठ्ठा न तपासता आठवडाभर कपाटात राहणार असेल, तर तो प्रश्न विचारूच नये.

सुधारणेची खरी जागा कागद भरून घेण्याच्या रीतीत आहे. एका बाकावर दोघे बसलेले, शेजारचा डोकावतोय, कागद मॉनिटर गोळा करतोय. अशा वर्गात कोण खरे लिहील? मुलांना अंतराने बसवावे आणि कागद समुपदेशकाने स्वतः घ्यावेत. पालकांची संमती आधी घ्यावी. ‘कोणालाच सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये, कारण लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती कळवणे पॉक्सो कायद्याने (२०१२) बंधनकारक आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनअखेरीस उघडतात. ऑगस्टपर्यंत शिक्षकांना मुले ओळखीची झालेली असतात आणि सहामाही परीक्षा दूर असते, म्हणून तोच काळ सोयीचा.

पुढच्या उपचारांसाठी शहरात १८६४ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांचे मानसोपचार विभाग आहेत. मनोरुग्णालयाच्या नावानेच पालक बिचकतात, त्यामुळे पहिली चिठ्ठी मेडिकल-मेयोची किंवा किशोरांसाठीच्या ‘मैत्री’ क्लिनिकची असलेली बरी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालते.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. त्यात कोचिंग क्लासही आले. नीट-जेईईच्या तयारीतली अनेक मुले दिवसाचा मोठा भाग क्लासमध्येच काढतात. तपासणी शाळेच्या फाटकापुरती ठेवली, तर नेमकी तीच तिच्याबाहेर राहतात.